बोटभर सैल

कटिंग मास्तरांच्या उजव्या अंगठ्याचा, मुळाशी असलेला सांधा गेली आठ वर्षे जागेवर राहत नव्हता. जाड कापडावर कात्री दाबली की अंगठा बाहेरच्या अंगाला कलंडे आणि कळ थेट कोपरापर्यंत जाई. अखेरीस शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी मनगटाजवळची एक कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, काढून हाडाला पाडलेल्या छिद्रांतून ओवली आणि सांधा नव्याने बांधला. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघून त्या जागी पट्ट्याचा कडक साचा आला.

"आणखी सहा आठवडे चिमटीत सुईसुद्धा धरायची नाही," डॉक्टरांनी बजावले.

चौथ्याच दिवशी मास्तरांचा जीव वरखाली होऊ लागला. दुकानात त्यांच्या टेबलावर नवा कटर उभा होता आणि मालक त्याच्या हाताची तारीफ करतात, असे कानी आले होते. मास्तर खिडकीपाशी जात, परत येत, बसत, पुन्हा उठत.

"अहो, जरा एका जागी टेका की! माझं शिलाई मशीनसुद्धा इतकं हलत नाही," पत्नी म्हणाली.

साचा काचत होता. अंगावर बसणारी प्रत्येक वस्तू बोटभर सैल हवी, हा मास्तरांचा तीस वर्षांचा सिद्धांत. पत्नी बाजारात जाताच त्यांनी साचा काढला, पट्ट्याची शिवण उसवली आणि तो बोटभर वाढवून पुन्हा शिवला.

संध्याकाळी पट्टा आवळताना पत्नी थबकली. "हे टाके कुणी घातले?"

"कंपनीचेच असतील."

"कंपनीला इतके बारीक जमतात होय? आणि डाव्या हातानं तर तुम्हाला बटणही लावता येत नाही. उजव्यानंच शिवलंत ना?"

मास्तर उठून खिडकीपाशी गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अंगठा हळूच बाहेर रेटला. अंगठा किंचित सरकला आणि थांबला.

"तुटलं नाही, पण ताणलं गेलंय. पुन्हा प्लास्टर. चार आठवडे."

"तोवर माझं टेबल जाईल, डॉक्टर."

"आणि हे तुटलं तर टेबल असून काय करणार?"

दवाखान्यातून मास्तर तडक दुकानात गेले. नवा कटर कोटाची बाही आखत होता. आखणी चुकलेली असावी, अशी मास्तरांची मनोमन इच्छा होती. ती चुकलेली नव्हती.

"चार आठवडे सांभाळ," ते कसेबसे म्हणाले.

"बसा ना, मास्तर."

"बसवत नाही रे," मास्तर म्हणाले आणि टेबलाला आणखी एक फेरी घालू लागले.