माशांची आतडी आणि झोपलेली राणी

शहराला हे नाव कसं पडलं ते वेशीवरच्या दगडात कोरायचं ठरलं, तेव्हा नगरपालिकेच्या दप्तरखान्यातल्या बाईंना सात वर्षं खाल्लेल्या धुळीचं चीज झाल्यासारखं वाटलं. उत्तर त्यांच्याकडे होतं. बंदरावरच्या कुणा जुन्या कारकुनाने वहीत एका ओळीत लिहून ठेवलं होतं: मासेमार जिथे माशांची आतडी फेकत, ती ही जागा, जुन्या बोलीत तिला म्हणत तेच हे नाव. दुसरा पुरावा कुठेच नव्हता.

"शी!" मजकूर ठरवायला नेमलेल्या समितीचे साहेब म्हणाले. "बघू बघू."

आणि त्यांनी अंगठा चाटला.

पानं उलटायला बाईंनी बांबूची पट्टी आणली होती. त्या पट्टीने साहेब पाठ खाजवत होते. लप्, पान. लप्, पान. बाई पुढे झाल्या.

"साहेब, शाई कच्ची आहे. पाण्याने जाते."

"हे पाणी कुठंय? तीस वर्षं असंच वाचतोय, एक फाईल मेली नाही."

वही समितीतल्या कापडवाल्या अण्णांकडे सरकली. अण्णा दोन बोटं चाटतात. त्यांनी ओळीवर बोट टेकवलं, उचललं, तर 'आतडी' बोटाला. अण्णांना ते दिसलं नाही, कारण तोवर बोट पुन्हा तोंडात गेलं होतं.

निवृत्त मुख्याध्यापिकांनी नाक मुरडलं. "माझ्या नातीने काय सांगायचं? आतड्यांत राहते?" आणि त्यांनीही चाटून पान उलटलं.

वही परत आली तेव्हा ओळीच्या जागी निळसर, चिकट डाग होता. बाईंना तो पुसवेना की बघवेना.

"इथे तर काहीच नाही," साहेब म्हणाले. "बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

मग हात वर करून ठरलं: प्रवासात एका राणीला इथे गाढ झोप लागली, त्यावरून नाव. कुठली राणी, ते सवडीने ठरवायचं.

"मूळ कागद तपासल्याचा शेरा लिहा, बाई, आणि करा सही."

बाईंनी लिहिलं, 'मूळ कागद समितीने चाटला,' आणि सही केली. साहेबांनी न वाचताच शिक्का मारला. पाथरवटाला मंजूर मजकुरातलं अक्षर गाळायची मुभा नव्हती. त्याने राणी कोरली, झोप कोरली, शेराही कोरला.

अनावरणाच्या दिवशी पडदा सरकला. गर्दीने शेवटपर्यंत वाचलं.

"काय होतं हो त्या कागदावर?" कुणीतरी विचारलं.

"माशांची आतडी," बाईंनी मागून खणखणीत आवाजात सांगितलं, आणि अख्खी ओळ म्हणून दाखवली.

पुढच्या दोन रांगांनी नाकाला रुमाल लावला आणि समितीकडे बघितलं.