उस्तादांची गाठ कोणी तपासायची?

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कचेरीत उस्तादांचा दरारा एवढा, की ते नुसते खाकरले तरी वर अडकलेली लिफ्ट मुकाट्याने दोन मजले खाली यायची. जास्त वाटत असेल तर एकच मजला धरा. कचेरीचा नियम होता, की दुरुस्तीच्या कागदावर दोन सह्या हव्यात: एक काम करणाऱ्याची, दुसरी ते तपासणाऱ्याची. पण उस्तादांचं काम तपासायचं कोणी? जो तो खुर्चीतून न उठता दुसरी सही ठोकायचा आणि चहाला जायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. तुमच्या-आमच्या कचेरीत तरी काय वेगळं चालतं, मंडळी?

मग नवी मेकॅनिक आली. तिसऱ्याच महिन्यात, एका शुक्रवारी, तिच्यापुढे उस्तादांचा कागद सरकवला गेला, तर ती टॉर्च घेऊन उभी राहिली.

"सही करते, उस्ताद. आधी वर जाऊन ब्रेक बघून येते."

"पोरी, तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून मी ब्रेक बसवतोय."

"तेच म्हणते मी. तेव्हापासून कोणी बघितलेलं नाही."

मागे कोणीतरी हसू दाबलं. उस्तादांचे कान लालबुंद झाले. त्यांनी कागद ओढून घेतला, दुसऱ्याची सही घेतली आणि तिच्या बदलीचं पत्र लिहायला बसले. सोमवारी ते हातात पडलं की ती गोदामात. आणि गोदामात गेलेला माणूस पुन्हा लिफ्टला हात लावत नसे.

रविवारी उस्ताद मेहुण्याबरोबर डोंगरावर गेले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सलून चालवतो. ही जोडी वीस वर्षं एकाच दोराला बांधून घेऊन कडे चढते. शरदाचे दिवस होते. खालच्या रानातली झाडं पिवळीधमक, उन्हातला खडक तळहाताला उबदार, सावलीतल्या खडकावर मात्र बर्फाचा पातळ पापुद्रा. आणि समोर ती दगडी धार! इतकी निमुळती, की तिच्यावर बसणाऱ्या चिमणीला शेपूट कुठल्या दरीत सोडायचं याचा आधी विचार करावा लागे.

धारेच्या तोंडाशी दोघांनी आपापल्या कमरेच्या पट्ट्याला दोर बांधला. उस्तादांचं तोंड चालूच होतं. "कालची पोर, आणि माझ्या कामावर संशय घेते. उद्या देतोच गोदामाचं पत्र."

नेहमीच्या रिवाजाप्रमाणे उस्तादांनी मेहुण्याची गाठ हातात घेतली आणि "ठीक" म्हणाले. मग मेहुण्याने त्यांची घेतली. त्याने दोन बोटांनी दोर ओढला, तर तो बुटाच्या नाडीसारखा पट्ट्यातून सरळ बाहेर आला. गाठीचा पहिला वेढा घेऊन उस्ताद बोलण्याच्या भरात टोक परत ओवायला विसरले होते. दोन पावलांवर दीड हजार फूट नुसती हवा होती.

उस्ताद दोन पावलं मागे सरकले.

"मग दाजी, उद्या मलाही गोदामात पाठवताय ना?" मेहुणा म्हणाला.

"काय बोलतोस?"

"तुमच्या गाठीवर संशय घेतला ना मी. वीस वर्षं घेतोय. कधी राग नाही आला तुम्हाला."

"इथे जिवाचा प्रश्न असतो रे."

"आणि तुमच्या लिफ्टमधून काय बटाट्याची पोती जातात? शाळेतली पोरं जातात, पोटुशा बायका जातात. त्यांच्या वतीने गाठ बघायला कोणी नको?"

"अरे, पण तीस वर्षं..."

"मी पंचवीस वर्षं केस कापतोय. पण माझ्या मानेवरचे? त्यासाठी पलीकडच्या गल्लीतल्या सलूनवाल्यापुढे मान खाली घालून बसतो. तो माझ्याहून वाईट कापतो, सगळ्या बाजाराला माहीत आहे. पण माझी मान त्याला दिसते, मला दिसत नाही. यात माझं काय नाक कापलं जातं?"

उस्तादांनी गाठ पुन्हा बांधली, या वेळी तोंड मिटून. मग आपणहून पोट पुढे केलं. "बघ. नीट बघ."

आणि मग ते असे चढले, की विचारू नका. वारा एवढा, की उस्तादांच्या मिशीची दोन्ही टोकं एकाच गालावर आली. पण पाय कुठे डळमळला नाही. एक सरकायचा, दुसरा दोर धरून थांबायचा. दुपारच्या आत दोघं माथ्यावर.

सोमवारी उस्तादांनी पत्राचे चार तुकडे केले आणि नव्या मेकॅनिकला घेऊन लिफ्टच्या यंत्रखोलीत गेले. शुक्रवारचाच ब्रेक होता. तिने एकेक नट हाताने चाचपला. वीस मिनिटं उस्ताद निकालाच्या दिवशीच्या मुलासारखे भिंतीला टेकून उभे.

"सगळं ठीक आहे, उस्ताद."

"काहीच नाही सापडलं?" उस्तादांचा चेहरा जरा पडलाच.

"नाही."

"बरं. त्या शुक्रवारच्या सहीखाली तुझीही कर. आता तुझं शनिवारचं काम दाखव."

"त्यावर दुसरी सही झालीये की."

"खुर्चीतून केलेली ना? चल."

मंडळी, आपली मान आपल्याला दिसत नाही, हे उस्तादांना साठीच्या उंबरठ्यावर कळलं. आपण एवढा उशीर कशाला करायचा? उद्या आपल्या कामापाशी येऊन एखादं धाकटं माणूस म्हणालं, "एकदा बघू का?", तर बाजूला सरका आणि त्याच्यासाठी टॉर्च धरा.