पाटावरचा डावा बूट

मी बूट बोलतोय. फुटबॉलचा, डाव्या पायाचा. जोडीतला धाकटा. उजवा माझा दादा. जन्मलो दोघे एकाच दिवशी, पण एलोय नेहमी उजवा बूट आधी घालायचा, म्हणून तो दादा. आता दादा नाही. आधीच सांगून टाकतो, कारण तेवढंच मनात आहे. बाकी सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

एलोय स्पेनचा. समुद्रकाठच्या गावातल्या मासेमाराचा मुलगा. त्याच्या देशात चांगले खेळाडू इतके, की त्याच्यासारख्यानं बॅग भरायची आणि बोलावतील तिथे जायचं. आधी पोलंड, मग ग्रीस. ग्रीसमधल्या एका दुकानात त्यानं आम्हाला उचललं, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि तिथेच पायात घालून दुकानभर चालला. पुढे सायप्रस. तिथला क्लब बंद पडला आणि आम्ही दिल्लीला आलो.

प्रत्येक देशात तो भाषा मैदानावरच शिकायचा. दिल्लीत पहिल्या आठवड्यात त्याला तीन शब्द आले. ‘पीछे’, ‘दे दे’ आणि ‘अकेला’. तिसरा शब्द बॉल पायात असताना आजूबाजूला कुणी नाही, हे सांगायला असतो. एलोय तो दिल्लीतल्या द्वारका भागातल्या भाड्याच्या खोलीतही म्हणायचा. भिंतीकडे बघून.

क्लबचं सामान हरिदासकाकांकडे होतं. काका साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन सुरू झाली तरी गावी गेले नाहीत, दिल्लीतच पालमला दोन खोल्यांत राहिले. मॅच झाली की ते आम्हाला घरी न्यायचे. चिखल काढायचे, तेल लावायचे, आत कागदाचे बोळे भरायचे. माझा तळ उसवला तेव्हा पालम स्टेशनाबाहेरच्या मोच्याकडून शिवून आणला. कांताकाकू म्हणायच्या, “माझ्या चपलेचा अंगठा महिनाभर तुटलाय, तो दिसत नाही.”

काका म्हणायचे, “तुझ्या चपलेला गोल करायचाय का?”

काका त्याला एलोयराव म्हणायचे. एलोयला वाटायचं हे आपलं आडनाव आहे. नव्या पोरांना तो स्वतःच सांगायचा, “मैं एलोयराव.” काकू पोट धरून हसायच्या.

मोसम संपत आला होता. एलोयचं वय फुटबॉलला परवडणारं राहिलं नव्हतं. अशात कळलं की गोव्याच्या एका मोठ्या क्लबचा माणूस त्याला बघायला येणार. आवडला तर दोन वर्षांचा करार. नाही आवडला तर गाव, बापाची होडी आणि जाळी. त्या आठवड्यात एलोयनं आम्हाला स्वतः तेल लावलं. दादाला जरा जास्त.

मॅच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. पण त्याच मैदानात रावण जाळायचा होता. राख, बांबू, फटाक्यांचा कचरा, मग खेळणार कुठे? मैदानवाल्यांनी ऐनवेळी सांगितलं, मॅच नवमीलाच दुपारी उरका.

काकांना हे कळायच्या आत सकाळीच त्यांची पूजा झाली होती. खंडेनवमी. पाटावर लाल कापड, त्यावर काकांचा फौजेतला पट्टा, काकूंची विळी, शिलाई मशीनची कात्री, बॉलमध्ये हवा भरायचा पंप. आणि मधोमध आम्ही दोघे. दादाच्या नाकावर हळदकुंकू, माझ्या लेसमध्ये झेंडू. मला आयुष्यात तेवढं मोठं कधी वाटलं नव्हतं. दादा हळूच म्हणाला, “बघ, आपण पण शस्त्र.”

दारावर थाप पडली. एलोय होता, घामाघूम.

“हरी, जूते. मैच आज.”

काकांचा चेहरा उतरला. “आज? एलोयराव, पूजा में रखे हैं. कल दसरा, उसके बाद ही उठेंगे.”

काकू आतून आल्या. “अहो, द्या की. देवाला कळतं सगळं.”

“मांडलेलं उचलायचं नसतं, कांता. युनिटमध्ये एकानं उचललेलं बघितलंय मी. त्याच संध्याकाळी गाडी उलटली त्याची. माझ्या हातानं याच्या पायाला काही व्हायला नको.”

काका हे त्याच्या काळजीनंच बोलत होते. ते मला माहीत आहे. माहीत असून काय करू.

एलोय पाटाजवळ उकिडवा बसला. आम्हाला हात लावला नाही. हसला. मोडक्या हिंदीत म्हणाला, की त्याच्या गावातही देवीच्या दिवशी होडी पाण्यात घालत नाहीत. बापानं एकदाही घातली नाही. “ठीक है, हरी. कल. आज नया जूता.”

मी ओरडलो. दादाही ओरडला असणार. बुटाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? एलोयच्या जाण्यानं झेंडूची एक पाकळी हलली, तेवढंच.

नवे बूट क्लबनं दिलेले, कडक, लांब खिळ्यांचे. पुढचं मी पाहिलं नाही. संध्याकाळी काका आले आणि चपला न काढताच आत येऊन बसले. काकूंनी पाणी दिलं ते तसंच हातात धरून बसले.

“पाय फिरला,” ते म्हणाले. “बूट नाही फिरला. जमिनीत रुतून बसला. गुडघ्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.”

“कुठला पाय?”

“उजवा.”

पाटावर दादा माझ्या शेजारीच होता. त्या क्षणापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

गोव्याचा माणूस हाफटाइमलाच निघून गेला होता.

ऑपरेशन इथे झालं, पुढचे उपचार स्पेनला घरी करायचे ठरले. विमानतळावर एलोय चाकाच्या खुर्चीत होता. काका आम्हाला पिशवीत घेऊन आले. त्यांना माफी मागायची होती, पण त्यांनी नुसती पिशवी पुढे केली. एलोयनंच पिशवीत हात घातला. दादाला उचलून मांडीवर ठेवलं आणि मला काकांच्या हातात दिलं.

“यह मेरे साथ. पैर ठीक, तो मैं वापस. फिर दोनों.”

काका म्हणाले, “पक्का?”

“पक्का, हरी.”

काच सरकली, खुर्ची आत गेली. दादाची लेस मांडीवरून लोंबत होती. ती शेवटची दिसली.

मी वाट पाहिली. काका मला दर रविवारी तेल लावायचे, माझं चामडं मऊ ठेवायचे. एकट्या बुटाला. काकू आता चपलेवरून टोमणा मारत नसत. फोन यायचे. पुन्हा ऑपरेशन. मग आणखी एक. मग फोन कमी झाले.

या नवमीला काकांनी पुन्हा पाट मांडला. पट्टा, विळी, कात्री, पंप, आणि मी. शेजारी दादापुरती जागा रिकामी ठेवली. काकूंनी फोन लावला. “एलोयभाऊ, वो दूसरा जूता दिखाओ ना. फोन यहीं बाजू में रखती हूँ, दोनों की पूजा साथ में होगी.”

एलोयची दाढी वाढली होती. मागे होडी दिसत होती.

“नहीं है. डॉक्टर बोला, कभी नहीं. उस दिन मैंने फेंक दिया. समुंदर में.”

काकूंनी फोन हळूच पाटावर ठेवला. मग काकांना म्हणाल्या, “विसर्जन झालं म्हणायचं. पूजा झालेलाच होता तो.”

असं कसं म्हणायचं? माझा दादा थंड पाण्यात एकटा बुडाला. कुणी आरती म्हटली नाही. कुणी पुढच्या वर्षी ये म्हटलं नाही. आणि मी इथे कुंकू लावून बसलोय.

काका पुढे झाले. झेंडू बाजूला केला आणि मला पाटावरून उचललं. नवमी होती. दसऱ्याला अजून एक दिवस होता. त्यांनी मला छातीशी धरलं आणि तसेच उभे राहिले, जणू काहीतरी कोसळायची वाट पाहत. काही कोसळलं नाही. पंखा फिरत राहिला. खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

“काही होत नाही गं, कांता,” काका म्हणाले. “उचललं तरी काही होत नाही.” आणि खाली बसले.

तुमच्या घरी पाट मांडाल तेव्हा मला आठवा. कुणी दारात येऊन आपली वस्तू मागितली, तर फुलं बाजूला करा आणि देऊन टाका. देव थांबेल.

मला आता कुठेही ठेवा. माळ्यावर ठेवा, भंगारवाल्याला द्या. फक्त दाराजवळ ठेवू नका. जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की मला वाटतं, उजवा आला.