मूकपटातल्या म्हाताऱ्याची दाढी

मित्रांनो, दचकू नका. या पत्र्याच्या डब्यात उंदीर मरून पडलेला नाही. मी एक जुनी दाढी आहे, आणि तीसुद्धा खोटी. एके काळी मला बघून भरलेलं नाट्यगृह पोट धरून हसायचं. आता डबा उघडला की लोकांना शिंका येतात. पण माझी मान खाली आहे ती म्हातारपणामुळे नव्हे. दाढीला कुठली मान, असं तुम्ही म्हणाल. हनुवटीच्या संगतीत राहून मला तशी सवय लागली आहे.

मला टोपवाल्या मावशींनी घडवलं. नटांचे टोप, मिशा, दाढ्या त्याच करत. बारीक जाळीत आकडीने एकेक केस ओवून त्यांनी गाठ मारली. काही केस बोकडाचे होते, काही कुणा अनोळखी म्हाताऱ्याचे. काम झाल्यावर मला उजेडात धरून त्या म्हणाल्या, "हिच्यापुढे खरी दाढी लाजेल." मी फुगले. लाजायची पाळी माझीच येणार आहे हे मला काय ठाऊक.

ज्या नटाच्या हनुवटीवर मी चढले त्याला सगळे काडी म्हणत, इतका तो किडकिडीत होता. तो दूरदेशाहून बोटीने आलेला. त्याचे आईवडील तिकडे कापडगिरणीत मागावर होते. मागांचा खडखडाट एवढा, की शेजारी उभ्या माणसाचाही आवाज पोचत नसे. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत. शब्द ओठांवर मोठा करून दाखवायचा आणि समोरच्याने तो डोळ्यांनी ऐकायचा. वडिलांचे कान पुढे त्या खडखडाटाने गेलेच. मग घरातही सगळे तसंच बोलू लागले. काडी लहानपणापासून त्या बोलीत वाढला.

नव्या देशात त्याने आधी रंगभूमीवर नशीब काढायचा प्रयत्न केला. पण त्याचे उच्चार आड आले. राजा मेल्याचा निरोप घेऊन तो रंगमंचावर यायचा, तोंड उघडायचा, आणि लोक खो खो हसायचे. शेवटी त्याच्या हातात भाला देऊन त्याला मागे उभं केलं. मग मूकपट आले. तिथे बोलायचं नव्हतंच. जे काही सांगायचं ते चेहऱ्याने आणि ओठांनी, आणि त्यात त्याचा हात कोण धरणार? आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं.

एकदा चित्रीकरण थांबलं होतं. मंडळी जेवत बसली होती. काडी मला लावून तयार होता आणि गप्पांत रंगून आपल्या बोटीच्या दिवसाची गोष्ट सांगत होता. तिकडच्या धक्क्यावर, बोटीत चढण्याआधी, डॉक्टर प्रत्येकाचे डोळे तपासत होता. काडीचे डोळे रात्रभर रडून लाल झाले होते. डॉक्टरला वाटलं, साथीचा रोग आहे. त्याने काडीला बाजूला काढलं. तेव्हा पोचवायला आलेले वडील पुढे झाले आणि कमरेत वाकले. "साहेब, पोराला जाऊ द्या. रोग नाही, रडलाय तो," असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. गडबडीत ते शिपायापुढे वाकले, हमालापुढे वाकले, आणि वळताना दिव्याच्या खांबापुढेही वाकले.

काडीने हे सगळं उठून करून दाखवलं. वडिलांचं वाकणं, बाहीने नाक पुसणं, सगळं हुबेहूब. जेवणारे हसून हसून कोलमडले. दिग्दर्शकाचा घास हातातच राहिला. "हेच कर," तो म्हणाला. "बोटीतून उतरलेला म्हातारा. दिसेल त्याच्यापुढे वाकणारा."

"आणि बोलू काय?"

"तुझ्या भाषेत काहीही बडबड. ऐकतोय कोण?"

काडीने दुसरं काहीतरी बडबडून पाहिलं. मग त्याने वडिलांचेच शब्द बडबडले. दुसरे शब्द त्या वाकण्याला बसतच नव्हते.

मित्रांनो, त्या म्हाताऱ्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. एका चित्रपटाचे अनेक झाले. म्हातारा शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्यापुढे वाकायचा, घोड्यापुढे वाकायचा. कॅमेरा जवळ यायचा, वडिलांच्या त्याच शब्दांनी ओठ हलायचे, आणि पाठोपाठ पडद्यावर पाटी यायची, "साहेब, माझी बकरी द्या हो." लोक लोळायचे. हळूहळू रस्त्यावरची पोरं बोटीतून उतरलेल्या खऱ्या म्हाताऱ्यांपुढे वाकून दाखवू लागली. एकाची जळते दाढी आणि दुसरा पेटवतो विडी, असं म्हणतात. इथे तर दाढीच विडीवाल्याला सामील होती. मलाही टाळ्या गोड लागत होत्या.

आई वारल्यावर काडीने वडिलांना आपल्याकडे आणलं. त्याने घरी कळवलं होतं, की मी राजांच्या भूमिका करतो. वडील दोन दिवस थांबले, मग म्हणाले, म्हणजे ओठांनी म्हणाले, "तुझं काम बघायचंय." काडी सबबी शोधू लागला. तो म्हणाला, तिकिटं संपली. मग म्हणाला, नाट्यगृहाचं छप्पर गळतंय. पुढच्या खेपेलाही छप्परच गळत होतं.

"एवढं गळतंय तर मीच येतो दुरुस्तीला," वडील म्हणाले.

त्यातच नाट्यगृहाचा मालक घरी येऊन थडकला. त्याला दुपारच्या खेळानंतर काडीला दाढी लावून रंगमंचावर आणायचं होतं. वडिलांना पाहून त्याने त्यांनाही खुणेनेच आमंत्रण दिलं, पुढच्या रांगेत खुर्ची देतो म्हणाला. आता सुटका नव्हती. दाढीमागे आपण ओळखू येणार नाही, आणि बाबांना पाट्या वाचता येत नाहीत, अशी काडीने मनाची समजूत घातली. राजाची भूमिका दुसऱ्या कुठल्या चित्रपटात आहे म्हणून सांगता येईल. मला कोटाच्या खिशात घालून तो निघाला.

दिवे मालवले. म्हातारा आला, वाकला. नाट्यगृह गडगडलं. वडील हसले नाहीत. त्यांनी मान पुढे काढली आणि डोळे बारीक केले. पाट्यांकडे ते बघतच नव्हते. ते ओठ वाचत होते. त्या सबंध नाट्यगृहात मूकपट ऐकू येणारा तो एकच बहिरा माणूस होता. काडीच्या हे आधी लक्षात यायला हवं होतं. ज्या बोलीत तो वाढला, तीच त्याने हिशेबात धरली नव्हती.

खेळ संपला. मालकाने पुकारा केला. काडीने विंगेत मला घाईघाईने चिकटवलं, मी वाकडी बसले. तो पुढे आला. समोर वडील खुर्चीत ताठ बसले होते. त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, एवढ्या गलक्यात कुणाला काही कळलं नाही. पण शब्द मोठे मोठे करून, मागाच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसे ते बोलले.

"आयुष्यात तेवढा एकदाच वाकलो होतो रे. तुझ्यासाठी."

काडी खांबासारखा उभा राहिला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. लोक मात्र ओरडत होते, "वाक, म्हाताऱ्या, वाक."

आणि मित्रांनो, तो वाकला. बापाच्या डोळ्यांदेखत, कमरेत, बाहीने नाक पुसत. लोकांनी छत डोक्यावर घेतलं. मी त्याच्या हनुवटीला लटकत होते आणि मला खालच्या फळ्या दिसत होत्या. मला वर बघायचंच नव्हतं.

विंगेत येताच त्याने मला ओरबाडून काढलं. माझी जाळी कोपऱ्यात फाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी मला कोटाच्या खिशातून काढलं. आता ही चुलीत जाणार, असं काडीला वाटलं, मलाही वाटलं. वडील खिडकीपाशी बसले. त्यांनी सुईत दोरा ओवला, मला मांडीवर पसरलं आणि फाटका कोपरा सांधायला घेतला. विणकराचा हात होता तो, जाळीची वीण त्याला परकी नव्हती. त्यांची मान खाली होती.

काडी त्यांच्या पाठीमागे उभा राहिला. मग तो म्हणाला, "बाबा, चुकलो मी. मला माफ करा."

हे तो आवाजाने म्हणाला. पाठीमागून म्हणाला. चार पावलं चालून समोर गेला असता, तर वडिलांनी मान वर केली असती. तो गेला नाही. समोर जायचं तर तोंड दाखवावं लागलं असतं. वडिलांनी दाताने दोरा तोडला, मला झटकलं आणि टेबलावर ठेवलं. वळून मुलाला पाहिलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "चहा ठेव."

त्यानंतर काडीने म्हातारा करायचं सोडलं. दिग्दर्शकाने माझी रवानगी दुसऱ्या नटाकडे केली. तो आणखी खाली वाकायचा, आणि का वाकायचा ते त्यालाही माहीत नव्हतं. पुढे बोलपट आले, काडीचे उच्चार पुन्हा आड आले, आणि लोकांची म्हाताऱ्याची हौसही फिटली. गरज सरो, वैद्य मरो. मी फिरत फिरत या डब्यात पोचले. मला कसर लागली आहे, पण वडिलांनी शिवलेला कोपरा अजून घट्ट आहे.

काडी आणि वडील त्या घरात पुढे बरीच वर्षं एकत्र राहिले. हवापाण्याचं बोलले, आईचं बोलले. ते एक मात्र राहून गेलं, असं मावशींकडून माझ्या कानावर आलं. वडील गेले तेव्हाही तो उशामागे, त्यांच्या नजरेआड उभा होता म्हणे.

त्याची ती माफी माझ्यापाशीच राहिली. ती ऐकणारी मी एकटी, आणि माझा तिच्याशी काय संबंध? मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जरूर जपा, अधूनमधून ऊन दाखवा. नकलाही करा, हसा, हसवा. पण कुणाचा अपराध झाला, तर त्या माणसाच्या पुढ्यात जा, मान वर करा आणि तुमचे ओठ त्याला दिसतील असे माफी मागा.