मला आधी पाडून बघा

मित्रांनो, मी विजेवर चालणारा एक जुना हीटर आहे आणि मी रागावलेलो आहे. बटण बंद असलं तरी मी रागावलेलाच असतो, यावरून काय ते समजा.

पत्र्याची जाड पेटी, पुढे घट्ट जाळी आणि पोटात एक छोटा खटका, असा माझा जन्म झाला. मी आडवा पडलो की खटका सुटतो आणि मी विझतो. हा माझा एकुलता एक गुण. तो दाखवायला पालघरचा दुकानदार कमलाकांत मला रोज गिऱ्हाइकांसमोर पाडायचा. कपाट विकताना कोणी ते पाडून दाखवतं का? शेजारचा हीटर उघड्या तारेचा होता. तो लालभडक व्हायचा आणि लोकांनी त्याच्यापुढे हात जोडायचेच काय ते बाकी होते. त्याला कोणी बोट लावत नसे.

१९६६च्या डिसेंबरात खंडेराव दुकानात आला. मूळचा साताऱ्याकडचा, तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर वायरमन. खोली मिळेपर्यंत त्याचा संसार पाम गावाजवळ, जमीन मोजणाऱ्यांनी मागे सोडलेल्या, चाकांवरच्या डब्यात होता. डबा पत्र्याचा, एक बाज मावेल एवढा, पहाटे आतून घाम फुटणारा; वीज तेवढी बांधकामावरून ओढलेली. त्यातच त्याची बायको नर्मदा बाळंत झाली होती. मुलगी दिवस भरायच्या महिनाभर आधी आली होती, मुठीएवढी. तिला ऊब मिळाली नसती तर ती टिकली नसती.

खंडेरावची आई सोजराबाई बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायला निघाल्या होत्या. खाली शेगडी, वर ओव्याची धुरी, ही त्यांच्या घरची रीत. पण जवळच्या मुरबे गावच्या नर्स हंसाबाईंनी बंद खिडक्या पाहिल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "आजी, बंद डब्यात कोळसा नाय ठेवायचा. बाळ निजंल, ते उठायचं नाय."

म्हणून खंडेराव हीटर घ्यायला आला. त्याने माझी वायर बोटांत दाबून बघितली, जाळी ठोकून बघितली, मला स्वतः तीनदा पाडलं आणि विकत घेतलं. असं गिऱ्हाईक आवडायला हवं होतं. मी रागात होतो, म्हणून राहून गेलं.

डब्यात सोजराबाईंनी मला न्याहाळलं. "ह्यो लाल व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. "नुसता रुसून बसलाय."

हीटर मोकळ्यावर ठेवायचा, हातभर अंतरात काही येऊ द्यायचं नाही, वर काही घालायचं नाही, असं खंडेरावने तीनदा बजावलं. आई तीनदा हो म्हणाली. तो कामावर गेला. सोजराबाईंनी मला बाजेखाली सरकवलं, चारी बाजूंनी गोधड्या सोडल्या आणि माझ्या डोक्यावर मूठभर ओवा टाकून त्या पाण्याला गेल्या.

मित्रांनो, मी शेगडी नाही. पण हे सांगणार कोणाला? आधी ओवा करपला. मग जाळीला टेकलेलं गोधडीचं टोक तपकिरी झालं. वर ती मुठीएवढी मुलगी झोपलेली. मला थांबायचं होतं आणि मला फक्त तापता येत होतं. इतका राग मला माझाच कधी आला नव्हता.

मुलीशेजारी डोळा लागलेल्या नर्मदाला वास आला. लग्न झाल्यापासून सासूपुढे जिने मान वर केली नव्हती, तिने मुलीला छातीशी धरलं, गोधडी उचलली आणि मला अशी लाथ घातली की मी दारापाशी जाऊन आडवा झालो. खटका सुटला. मी विझलो.

दारात हंडा घेऊन सोजराबाई उभ्या. नव्या वस्तूला लाथा मारतेस, म्हणून त्यांनी सुरुवात केली.

"पाडायसाठीच केलाय त्यो, आत्याबाई," नर्मदा म्हणाली. "आता मोकळ्यावर ऱ्हाईल. आन् ओवा तुमी खावा."

सोजराबाईंनी हंडा ठेवला. करपलेली गोधडी उलटीपालटी करून पाहिली. मग माझ्याभोवती स्वतःच्या हाताने हातभर जागा मोजली, मला मधोमध उभं केलं आणि चिमूटभर ओवा तोंडात टाकला.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. मी दिसलो की ती मला पाडते. हे तिने आईकडून उचललं असावं. म्हणून मला नव्या खोलीच्या माळ्यावर ठेवलंय आणि पडू नये म्हणून माझ्यावर लोणच्याची बरणी ठेवलीय. माझ्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'वर काही ठेवू नये'. बरणी नेमकी त्याच अक्षरांवर आहे.

तेव्हा मित्रांनो, लहानशा बंद जागेसाठी हीटर घेताना तो किती लाल होतो ते विचारू नका. त्याला आधी पाडा. विझला, तर घरी न्या, मोकळ्यावर ठेवा. आणि लोणचं दुसरीकडे ठेवा.