पट्टा आणि डावा हात

घड्याळजींची गाडी इतकी जुनी, की सीटबेल्टचा कायदा तिच्या मागून आला. त्यामुळे बेल्ट नसला तरी कुणी अडवत नव्हतं. हाल व्हायचे ते बायकोचे. पक्षाघातानं तिची डावी बाजू गेली होती, आणि ब्रेक लागला की ती पुढे घसरायची. मग घड्याळजी डावा हात तिच्यासमोर आडवा धरायचे आणि उजव्यानं स्टिअरिंग सांभाळायचे. लेकीनं हा प्रकार एकदा मागच्या सीटवरून पाहिला आणि बजावलं, की बेल्ट बसवा, नाहीतर आईला या गाडीतून न्यायचं नाही.

बेल्ट बसला. आरटीओच्या तपासणीला तपासनिसानं त्याला असा हिसका दिला, की अख्खी सीट हलली. गॅरेजच्या मिस्त्रीनं बोल्ट सीटच्या सांगाड्यालाच मारले होते. तपासनीस वाईट माणूस नव्हता, फक्त नियम पाठ असलेला होता. त्यानं समजावलं, की एवढ्या जुन्या गाडीला बेल्टची सक्तीच नाही, पण बसवलात तर तो नियमानंच हवा. म्हणजे बोल्ट गाडीच्या पत्र्यात, त्यामागे पोलादी प्लेट, वर बेल्टला प्रमाणित असल्याचा शिक्का.

मिस्त्रीनं तळाचा पत्रा ठोकून पाहिला, तर त्याची गंजून चाळण झालेली. तो कापला, नवा जोडला, प्लेट बसवली. प्रत्येक खेपेला बायकोही सोबत, कारण तिला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. गॅरेजातल्या बाकावर ती भिंतीला टेकून बसायची. पुढच्या तपासणीत बेल्टचं वरचं टोक खांद्याच्या खाली येतंय म्हणून गाडी परत आली, आणि घड्याळजींचा धीर सुटला. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस एका बोल्टपुढे टेकीला आला होता.

"काढूनच टाका," ते मिस्त्रीला म्हणाले. "बेल्ट नसेल तर लगेच पास करतो म्हणतोय तो. लेकीचं मी बघतो."

मिस्त्रीही कंटाळला होता. तो पाना शोधायला वळला.

"काढायचा नाही," बाकावरून बायको म्हणाली. आजारपणापासून तिचे शब्द जड झाले होते, आणि ती ते जपून वापरायची.

"अगं, मी आहे ना धरायला."

"म्हणूनच." पुढचे शब्द गोळा करायला ती थांबली. "झोपेत खांदा धरून कण्हता. मला ऐकू येतं."

घड्याळजींना वाटत होतं, हे तिच्यापासून लपलेलं आहे. त्यांना ओशाळल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं. ते तिच्याशेजारी बाकावर बसले. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला आणि वेल्डिंगचा चष्मा चढवला.

या खेपेला तपासनिसानं हिसका दिला तेव्हा काहीच हललं नाही. गाडी पास झाली. आनंद करण्याइतकं त्राण दोघांतही नव्हतं.

घरी येताना वळणावर एक सायकल आडवी आली. घड्याळजींनी ब्रेक दाबला, आणि डावा हात सवयीनं बाजूला गेला. बायको जागची हलली नव्हती. तिनं आपल्या धडधाकट हातानं त्यांचं मनगट धरलं, उचललं आणि स्टिअरिंगवर नेऊन ठेवलं.

"दोन्ही हातांनी," ती म्हणाली.