बाविसावी रांग

आमच्या कॉलेजच्या सभागृहात बावीस रांगा आहेत, आणि बाविसाव्या रांगेत बसणारा माणूस कुणाची भीडभाड ठेवत नाही. ऐकू आलं नाही की सरळ ओरडतो. म्हणून कार्यक्रमाआधी मी स्वतः तिथे जाऊन उभा राहतो. गाणारा स्टेजवरून विचारतो, "मागे ऐकू येतंय का?" आणि ऐकू आलं तरच मी हात वर करतो. पोरं वैतागतात. "काका, चालतंय की!" म्हणतात. चालतंय काय, डोंबल! तीस वर्षं मी इथला साउंडवाला आहे. माझ्यामागे मला 'भोंगा' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

मागे जाऊन ऐकायचं मी एकदाच टाळलं, आणि त्याची शिक्षा माझ्या ताईला झाली.

ताई तेव्हा याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, मी पहिल्या. मैफलीत ती गाणार होती आणि तिच्या हट्टापायी मिक्सरवर मला बसवलं होतं. मिक्सर त्या काळी स्टेजच्या कडेला, पडद्याआड असायचा. दुसऱ्या गाण्यात तिच्या माइकने शिट्टी मारली, तसा मी घाबरून त्याचा आवाज खाली ओढला. शिट्टी थांबली. आवाज परत वर न्यायचा मात्र राहून गेला. का? तर ताई माझ्यापासून सहा हातांवर गात होती आणि मला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता! मला येतंय म्हणजे सगळ्यांना येतंय, असं मी धरून चाललो. मागून "आवाज! आवाज!" असा गिल्ला झाला, तेव्हाही वाटलं की पोरांना नुसती हुल्लड करायची आहे. ताईने गाणं कसंबसं संपवलं आणि ती खाली मान घालून निघून गेली.

घरी ती आईला एवढंच म्हणाली, "माझ्या आवाजात दमच नाही गं." मी शेजारीच जेवत होतो. मिक्सर आवरताना तिच्या माइकचा आवाज खालीच राहिलेला दिसला, तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तरी मी मिठाची गुळणी धरून बसलो.

त्यानंतर ती गायली नाही. लग्न झालं, मुलं झाली. मुलांना थोपटतानासुद्धा ती अंगाईऐवजी हळू आवाजात आकडे म्हणायची. शिक्षण संपल्यावर मी इथेच चिकटलो. किती गळे ऐकले! गोड, कच्चे, बेसूर तरी बिनधास्त. दर वेळी वाटायचं, इथे ताई हवी होती. तिच्या घरी गेलो की स्वयंपाकघराच्या दारात उगाच रेंगाळायचो. काम करता करता एखादी ओळ गुणगुणेल, एवढीच आशा. नुसती भांडी वाजायची.

उद्यापासून या सभागृहाची अभ्यासिका होणार आणि आज संध्याकाळी शेवटची मैफल. मी ताईला फोन केला, "एकदा बघून तरी जा." "गर्दीत नाही यायची मी," म्हणाली, आणि भर दुपारी येऊन टपकली. पोरं जेवायला गेली होती. आम्ही दोघंच होतो.

"एवढंसंच आहे होय रे हे?" ती म्हणाली. "मला केवढं मोठं आठवतंय."

तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात.

तिने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. मग म्हणाली, "तेहतीस वर्षं, ठोंब्या?"

"भीती वाटली."

"माइकचं सोड. पोरगा होतास. पण नंतर एकदा तरी म्हणायचंस, 'ताई, गा.' कुणीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघत होते रे. तूसुद्धा नाही म्हणालास."

"ताई, गा," मी म्हणालो.

ती स्टेजवर चढली. मी मिक्सरकडे वळलो, तशी वरून ओरडली, "हात लावू नकोस! तुझ्या मिक्सरचा अनुभव आहे मला."

सवयीने मी बाविसाव्या रांगेत जाऊन उभा राहिलो. ताईने डोळे मिटले. तिचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही येईना. उगाच हात वर करावा, असं क्षणभर मनात आलं. पण तिच्याशी एक लबाडी झाली तेवढी पुरे होती. मग मीच पुढे निघालो. अठराव्या रांगेत काही नाही. बाराव्या रांगेत पंख्याची घरघर तेवढी. सातव्या रांगेत आवाज आहे असं वाटलं. चौथ्या रांगेत ओळ ऐकू आली. आवाज खरखरीत झाला होता, वरच्या सुराला पोचेपर्यंत दम तुटत होता. पण सूर सोडण्याआधी ती पूर्वी जशी किंचित थबकायची, तशीच थबकली. तेवढ्यासाठी मी तीस वर्षं इथे दुसऱ्यांचे आवाज लावत बसलो होतो.

ओळ संपली. तिने डोळे उघडून थेट बाविसाव्या रांगेकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. तिचा चेहरा पडला.

"मागे ऐकू येतंय का?" तिने विचारलं.

"इथे येतंय, ताई," मी चौथ्या रांगेतून म्हणालो, आणि हात वर केला.